विंध्याच्या थरांतून सात दिवस

पहिला दिवस : सलखन

रॉबर्ट्‌सगंज सोडून आम्ही मारकुंडीचा घाट उतरू लागलो तेव्हा कैमूरच्या कड्यावरचे धुके अजून विरले नव्हते. आम्ही चौघे होतो : ज्यांच्या हाताखाली मी गाळाच्या खडकांचा अभ्यास शिकलो ते सर, पीएच.डी. करणारे दोन विद्यार्थी आणि मी. सोनभद्र ते भीमबेटका या पट्ट्यातील विंध्य महासंघाच्या, म्हणजे मध्य भारतातील गाळाच्या खडकांच्या प्रचंड थरसमूहाच्या, थरांमध्ये अतिप्राचीन बहुपेशीय जीवांचे अवशेष सापडल्याचे दावे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वारंवार झाले आहेत, आणि त्या प्रत्येक दाव्याचे भवितव्य अखेर थराच्या वयावर ठरले आहे. ते थर शक्यतो खालून वर याच क्रमाने पाहावेत आणि त्यांची वये कोणत्या आधारावर ठरली हे त्या त्या जागी उभे राहून समजून घ्यावे, एवढाच आमच्या प्रवासाचा हेतू होता.

सलखनचे जीवाश्म उद्यान कड्याच्या पायथ्याशीच आहे. उघड्या चुनखडकावर एकात एक बसलेल्या वर्तुळांचे गुच्छ दिसतात. काही ताटाएवढे, काही मुठीएवढे, आणि जिथे खडक उभा फुटला आहे तिथे तीच वर्तुळे खाली स्तंभासारखी उतरत गेलेली दिसतात. हे स्ट्रोमॅटोलाइट होत. उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांचा चिकट थर पसरतो, त्यावर चुन्याचा गाळ बसतो, सूक्ष्मजीव उजेडासाठी पुन्हा वर सरकतात, आणि हे हजारो वेळा घडले की असा स्तंभ उभा राहतो. याला जीवाश्म म्हणतात ते रास्तच आहे, पण हा जीव नसून त्याची वसाहत आहे, आणि ज्यांनी ती बांधली ते सारे एकपेशीय होते. बहुपेशीय जीवांचा शोध घेणाऱ्याने इथून आरंभ करावा तो केवळ हे लक्षात घेण्यासाठी की, पृथ्वीच्या इतिहासातील फार मोठ्या काळात समुद्रतळावर नजरेत भरण्यासारखे दुसरे काही नव्हते.

या खडकांचे वय बहुतेक ठिकाणी १४० कोटी वर्षे असे सांगितले जाते. सरांनी त्यावर काही मत दिले नाही. उद्या खालचा थर पाहा, परवा वरचा पाहा, मग बोलू, एवढेच ते म्हणाले. आम्ही इथे हातोडा बाहेर काढला नाही. संरक्षित जागी तो काढायचा नसतोच.

दुसरा दिवस : चोपनजवळ, राखेचा खडक

आजचा दिवस माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता. चोपनच्या परिसरात सोन नदीच्या खोऱ्यात देवनार शैलसमूहाचा पोर्सेलनाइट उघडा पडला आहे. नावाप्रमाणेच तो चिनी मातीच्या भांड्यासारखा दिसतो : पांढुरका, फिकट हिरवट, इतका घट्ट की हातोडा बसला की धातूसारखा आवाज येतो, आणि फुटला की काचेसारख्या वाटोळ्या, धारदार कडा निघतात. मी एक ढलपी उन्हात धरून भिंगाखाली पाहिली. केसाएवढ्या जाडीच्या फिकट आणि गडद रेषा एकमेकींना समांतर गेल्या होत्या, एका ठिकाणी त्या किंचित वाकून पुन्हा सरळ झाल्या होत्या आणि त्या वाकणापाशी काचेच्या कणासारखे काहीतरी चमकत होते. ज्वालामुखीची राख पाण्यात पडून थराथराने बसली आणि पुढे सिलिका मुरून दगड झाली, त्याचे हे रूप आहे.

जीवाश्म शोधायला आलेल्या माणसाने जीवाश्म नसलेल्या खडकापाशी दिवस का घालवावा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारला, आणि खडकांच्या वयाचा सगळा विषय त्याच्या उत्तरात येतो. गाळाचा खडक दुसऱ्या खडकांच्या चुऱ्यातून बनतो. वालुकाश्मातला वाळूचा कण कुठल्या तरी जुन्या डोंगरातून झिजून आलेला असतो, त्यामुळे त्या कणाचे वय काढले तर डोंगराचे वय मिळते, वाळू समुद्रात बसली त्या दिवसाचे मिळत नाही. फार तर इतके म्हणता येते की, थर त्यातल्या सर्वांत तरुण कणाहून जुना असू शकत नाही. ज्वालामुखीच्या राखेचे तसे नाही. उद्रेकाच्या सुमारास शिलारसात तयार झालेले स्फटिक राखेबरोबर उडतात आणि भूवैज्ञानिक मोजमापात पाहिले तर लगेचच तळाशी बसतात. म्हणून त्यांचे वय हेच थराचे वय धरता येते. जीवाश्माच्या थराखाली एक राख आणि वर दुसरी राख मिळाली, तर जीवाश्म त्या दोन तारखांच्या मध्ये अडकतो.

त्या राखेतला कामाचा स्फटिक म्हणजे झिरकॉन. झिरकॉन बनताना त्याच्या जाळीत झिरकोनियमच्या जागी थोडे युरेनियम सहज शिरते, शिशाला मात्र तिथे जागा मिळत नाही, कारण त्याचा आकार आणि विद्युतभार त्या जागेत बसत नाही. म्हणजे जन्माच्या वेळी झिरकॉनमध्ये शिसे जवळजवळ शून्य असते आणि आज त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या विघटनातूनच आलेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे असून त्याचे शिसे-२०६ होते. युरेनियम-२३५ चे अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षे असून त्याचे शिसे-२०७ होते. एकाच कणात दोन स्वतंत्र गतींनी चाललेली दोन मोजमापे मिळणे हे या पद्धतीचे खरे बळ आहे. दोन्ही वये जुळली तर कण जन्मल्यापासून त्यातून काही निसटलेले नाही असे मानता येते. जुळली नाहीत तर कुठेतरी शिसे गळाले आहे हे तो कण स्वतःच सांगतो. आपली चूक आपणच उघड करणारी मोजमापाची साधने फार थोडी असतात, आणि मला झिरकॉनबद्दल वाटणाऱ्या आदराचे कारण तेच आहे.

देवनारच्या या थरांवर २००२ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांचे निबंध आले. ज्योतिरंजन रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन ज्वालामुखीजन्य थरांतील झिरकॉनवरून १६३.१ कोटी वर्षे हे वय मिळाले, एका नमुन्यात ५० लाख आणि दुसऱ्यात १० लाख वर्षांच्या अनिश्चिततेसह. बर्गर रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयनांच्या बारीक झोताने कणाचा एकेक ठिपका तपासला आणि त्यांना १६२.८ कोटी, अधिक-उणे ८० लाख वर्षे हे उत्तर मिळाले. वेगळी माणसे, वेगळे नमुने आणि उत्तर एकच. त्याआधी याच थरांच्या वयाबद्दल कोट्यवधी वर्षांचे मतभेद होते, हे आठवले की त्या वर्षाचे महत्त्व कळते.

दुपारी मी उताराच्या पायथ्याशी पडलेला एक सुरेख तुकडा उचलून पिशवीत टाकू लागलो. “तो जागेवरचा आहे का?” सरांनी विचारले. मी नाही म्हटले. “मग तो ठेवून द्या. कुठल्या थरातून सुटला हे तुम्हाला सांगता येणार नाही, आणि ते सांगता आले नाही तर त्याचे वय अचूक काढूनही उपयोग काय?” मी तो ठेवून दिला. त्यानंतर आम्ही एका आडव्या थरातून, त्याची वरची बाजू बाणाने खुणावून, तीन पिशव्या भरतील इतका दगड काढला, प्रत्येक पिशवीवर जागा, उंची, थराचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि तेच वहीतही नोंदवले.

तिसरा दिवस : चुरहट

सोनच्या काठाकाठाने आम्ही सीधी जिल्ह्यात आलो. चुरहटचा वालुकाश्म पोर्सेलनाइटच्या वर आणि रोहतास चुनखडकाच्या खाली आहे. पातळ, सपाट फरश्यांसारखा तो निघतो आणि प्रत्येक फरशीवर लाटांनी उठवलेल्या वळ्या अशा ताज्या दिसतात की ओहोटी नुकतीच संपली असावी. काही फरश्यांवर हत्तीच्या कातडीसारखा सुरकुतलेला पोत आहे. वाळूवर सूक्ष्मजीवांचा पापुद्रा पसरला होता, त्याची ती खूण.

याच वालुकाश्मावर १९९८ साली अॅडॉल्फ झायलाखर, प्रदीप बोस आणि फ्रीडरिख फ्ल्यूगर यांनी ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला. वाळूच्या पृष्ठावर त्यांना पेन्सिलीच्या जाडीच्या नागमोडी खुणा दिसल्या होत्या, आणि त्या सूक्ष्मजीवांच्या पापुद्र्याखालून वाट काढणाऱ्या कृमीसारख्या प्राण्याच्या आहेत असे त्यांचे म्हणणे होते. झायलाखर हे जीवांच्या मागांचे त्या काळातील सर्वांत जाणकार अभ्यासक होते, त्यामुळे हा दावा कोणालाच दुर्लक्षिता आला नाही. तेव्हा या थराचे वय ११० कोटी वर्षांच्या आसपास धरले जात असे. ते मुख्यतः ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजातील पोटॅशियम आणि आर्गॉन मोजून १९६० च्या दशकात काढलेल्या वयांवर टेकलेले होते. पोटॅशियम-४० चे आर्गॉन होते हे खरे, पण आर्गॉन वायू आहे आणि ग्लॉकोनाइट हे सैल रचनेचे खनिज. खडक जरासा तापला की वायू निसटतो आणि खडक आहे त्यापेक्षा तरुण भासतो.

मग २००२ साली राखेची वये आली. रासमुसेन यांच्या गटाने वरच्या बाजूच्या रामपूर शेलमधील (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) राखेचेही वय काढले होते : १५९.९ कोटी, अधिक-उणे ८० लाख वर्षे. म्हणजे चुरहट वालुकाश्म खालच्या १६२.८ कोटी आणि वरच्या १५९.९ कोटींच्या मध्ये सापडला. सलखनचा चुनखडकही याच दोन राखांच्या दरम्यान येतो, म्हणून १४० कोटींपेक्षा १६० कोटी हे वय त्याला अधिक जवळचे आहे. सरांनी परवापर्यंत थांबायला का सांगितले ते तेव्हा माझ्या लक्षात आले. पण चुरहटच्या खुणांसाठी ही तारीख अडचणीची ठरली. निर्विवाद प्राणी ज्या एडियाकरा काळात दिसू लागतात, तो सुमारे ६३.५ कोटी वर्षांपूर्वी सुरू होतो. ११० कोटी वर्षांपूर्वी एखादा कृमी असावा हे मानायला आधीच कठीण होते. तो १६० कोटी वर्षांपूर्वी होता असे म्हटले तर मधल्या शंभर कोटी वर्षांत त्याच्या वंशजांनी समुद्रतळावर एकही खूण का सोडली नाही, याचे उत्तर द्यावे लागते. आज बहुतेक अभ्यासक या खुणांना प्राण्यांच्या म्हणत नाहीत. सूक्ष्मजीवांचा पापुद्रा आकसताना पडलेल्या भेगा पुढे वाळूने भरल्या, हे स्पष्टीकरण त्यांना अधिक पटते.

मी अशीच एक खूण गुडघे टेकून बराच वेळ पाहिली. ती वीतभर जाते, किंचित रुंदावते, निमुळती होते आणि संपते. दुसरी तिला ओलांडत नाही, तिच्यापाशी येऊन थांबते. चालणारा जीव दुसऱ्याच्या वाटेवरून सहसा निघून जातो. भेग दुसऱ्या भेगेपाशी थांबते. हे माझे निरीक्षण एकाच फरशीपुरते आहे, आणि झायलाखरांच्या नजरेपुढे माझी नजर काहीच नाही हे मी जाणतो. तरी त्या दगडासमोर मला भेगच दिसली.

संध्याकाळी पाऊस आला. पिशव्या गाडीच्या टपावर होत्या.

चौथा दिवस : कैमूर चढून कटनीपर्यंत

सीधीहून रीव्याकडे जाताना कैमूरचा कडा पुन्हा लागतो. तळाशी रोहतास चुनखडक, माथ्यावर कैमूरचा वालुकाश्म. चुनखडकाचे वय त्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या शिशाच्या अणूंच्या प्रमाणावरून, १५९.९ कोटी, अधिक-उणे ४.८ कोटी वर्षे असे २००४ साली प्रसिद्ध झाले. कैमूर संघातील विजयगढ शेल या काळ्या, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध खडकाचे वय रेनियम आणि ऑस्मियम या मूलद्रव्यांच्या जोडीवरून २०१५ साली १२१ कोटी, अधिक-उणे ५.२ कोटी वर्षे असे मिळाले. दोन्ही आकडे खरे धरले तर या एका चढणीत सुमारे चाळीस कोटी वर्षांचा फरक पडतो आणि त्यातल्या मोठ्या भागाचा गाळ इथे बसलेलाच नाही, किंवा बसून धुपून गेला आहे. गाडीला तो चढ पार करायला काही मिनिटे लागतात.

कटनीला रोहतास चुनखडकात ग्रायपानिया नावाचा जीवाश्म मिळतो : काळसर कार्बनची फीत, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, डोळ्यांना सहज दिसणारी. ती शैवालाची मानावी की सूक्ष्मजीवांच्या साखळीची, यावर एकमत नाही. ती इतकी मोठी आहे म्हणजे बहुपेशीय असलीच पाहिजे असेही म्हणता येत नाही, कारण फितीतील पेशी स्पष्ट दिसत नाहीत. आम्हाला दिवसभरात एकही नमुना मिळाला नाही.

पाचवा दिवस : चित्रकूट, जानकी कुंड

मंदाकिनीच्या काठावर जानकी कुंडापाशी पायऱ्या उतरल्या की, भाविकांच्या वर्दळीतच, पाण्याला लागून तिरोहन डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त चुनखडकाचे थर दिसतात. त्यात काळपट-करड्या रंगाचे, बोटाएवढे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, आणि ते साध्या चुन्याचे नसून फॉस्फेटचे आहेत. हा तपशील फार मोलाचा आहे. फॉस्फेट फार लवकर, जीव कुजण्याच्या आधीच, पेशींच्या भिंतींवर बसू शकते, आणि मग जीवाचा आकार चपटा न होता तिन्ही मितींत टिकतो. बाहेरचा डोलोमाइट सौम्य आम्लात विरघळवला की फॉस्फेटचे अवशेष मागे राहतात.

या थरांची कहाणी १९९८ सालीच सुरू होते. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील रफत आझमी यांनी सोन खोऱ्यातील रोहतास चुनखडकातून बारीक कवचयुक्त जीवाश्म मिळाल्याचे जाहीर केले. त्या आकारांवरून ते कॅम्ब्रियन काळाच्या आरंभीचे, म्हणजे साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीचे, असले पाहिजेत असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि तो मानला तर खालचा विंध्य संघच समजला जात होता त्यापेक्षा निम्म्याहून तरुण ठरत होता. एकाच वर्षी, एकाच खोऱ्यातून, एक गट म्हणत होता की प्राणी समजापेक्षा कितीतरी जुने आहेत, आणि दुसरा म्हणत होता की खडक समजापेक्षा कितीतरी तरुण आहेत. आझमी यांच्यावर टीका झाली. त्यांच्या जीवाश्मांच्या खरेपणाबद्दलच शंका घेतली गेली. पुढे राखेची वये आली तेव्हा त्यांचा दावा निकालात निघाला असे पुष्कळांना वाटले असेल.

तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे सांगताना मला आजही भरून येते. स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन यांनी आझमी यांचे साहित्य गांभीर्याने घेतले, चित्रकूटच्या थरांतून नमुने मिळवले आणि २००९ साली रासमुसेन आदी सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता : विंध्यातील वादग्रस्त ‘कॅम्ब्रियन’ जीवाश्म खरे आहेत, पण ते शंभर कोटींहून अधिक वर्षांनी जुने आहेत. जानकी कुंडाच्या फॉस्फेटमधील शिशाच्या समस्थानिकांवरून त्यांना १६५ कोटी, अधिक-उणे ८.९ कोटी वर्षे हे वय मिळाले. अनिश्चितता मोठी आहे हे खरे, पण ती दोन्ही टोकांपर्यंत ताणली तरी कॅम्ब्रियन काळ तिच्या जवळपासही येत नाही. शिवाय हे वय दूरच्या थराशी जुळवाजुळव करून घेतलेले नव्हते; ज्या खडकात जीवाश्म आहे त्याच खडकाचे ते वय होते.

२०१७ साली याच गटाने स्वित्झर्लंडमधील सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांनी जीवाश्मांच्या आतले त्रिमित चित्र मिळवले. धाग्यासारख्या एका जीवात पेशी एकीवर एक रचलेल्या होत्या आणि प्रत्येक पेशीत एक चपटा, समभुज चौकोनी तुकडा होता, जो प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या अंगकाचा भाग असावा असे त्यांना वाटले. दुसरा जीव मांसल, खंडित पालवीसारखा होता आणि त्याच्या पेशी कारंज्यासारख्या फाकत गेल्या होत्या. दोन्ही लाल शैवालांच्या कुळातले असावेत असा त्यांचा निष्कर्ष आहे. पेशींतील त्या चौकोनी तुकड्यांचा अर्थ सर्वांना मान्य झालेला नाही, आणि लाल शैवाल हे निदान त्यावरच बरेचसे टेकलेले आहे, हे इथे सांगायलाच हवे. पण ते जीव बहुपेशीय आहेत याबद्दल मला शंका वाटत नाही. त्याआधी सर्वांत जुने निःसंदिग्ध लाल शैवाल म्हणून कॅनडातील बँजिओमॉर्फाचे नाव घेतले जाई. त्याचे वय १२० कोटी धरले जात होते, आणि २०१८ साली तेही रेनियम-ऑस्मियमच्या मोजमापाने सुमारे १०५ कोटींवर आले.

मांसल जीवाचे नाव रामथॅलस ठेवले आहे, चित्रकूटच्या रामावरून. धाग्यासारख्या जीवाचे नाव आहे रफतआझमिया चित्रकूटेन्सिस.

सरांनी ते नाव घाटाच्या पायरीवर बसून सावकाश, अक्षर न अक्षर सुटे करून उच्चारले. ज्याचे वयाचे अनुमान शंभर कोटी वर्षांनी चुकले, त्याचेच नाव त्या जीवाला दिले गेले आहे, कारण त्याने पाहिले ते खरे होते. दगडातली वस्तू ओळखणे आणि दगडाचे वय ठरवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. आझमी यांनी पहिल्यावरून दुसरे काढले, हीच त्यांची चूक होती, आणि त्या काळात विंध्याच्या वयाला राखेचा भक्कम आधार मिळालेला नसताना ती कोणाच्याही हातून झाली असती. जीवाश्मावरून खडकाचे वय सांगण्याची रीत भूविज्ञानात दोनशे वर्षे चालत आली आहे. कॅम्ब्रियन काळापासून पुढे ती विलक्षण विश्वासार्ह आहे. त्याच्या मागे गेले की तिचा आधार सुटतो, कारण तिथे साध्या आकारांचेच जीव आहेत आणि नळी, गोळा, धागा हे आकार निसर्गाने अनेकदा, अनेक काळांत घडवले आहेत.

आम्ही अंधार पडेपर्यंत तिथे होतो. पाण्याची पातळी उतरलेली असल्याने फॉस्फेटचा एक पट्टा उघडा होता. ओल्या दगडावर विजेरीचा झोत तिरपा टाकला की स्तंभांच्या कडा उठून दिसत. प्रत्येक स्तंभ करंगळीएवढा, त्याच्या आत नखाच्या कडेसारख्या कमानी, आणि दोन स्तंभांमधल्या फटीत फिकट डोलोमाइट. धागे साध्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. ते या दगडात आहेत, एवढे माहीत असणे त्या क्षणी पुरेसे वाटले.

सहावा दिवस : पन्ना, मझगवाँ

मझगवाँची हिऱ्याची खाण आम्ही बाहेरूनच पाहिली, कारण आत जाण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती. तिच्याशी जीवाश्मांचा संबंध नाही, वयाशी आहे. खोलवरून आलेल्या शिलारसाची नळी इथे कैमूरच्या वालुकाश्माला भेदून वर आली. जो भेदतो तो नंतरचा, जे भेदले जाते ते आधीचे, हा नियम कोणत्याही उपकरणाशिवाय कळतो. त्या नळीतील अभ्रकाच्या आर्गॉनवरून २००६ साली १०७.३५ कोटी, अधिक-उणे १.३७ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. म्हणजे कैमूर त्याहून जुनाच असला पाहिजे, आणि विजयगढ शेलचे १२१ कोटी वय त्याच्याशी सुसंगत बसते. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत, हे पाहण्याचे समाधान मोठे असते. रात्री आम्ही सतन्याहून भोपाळची गाडी पकडली.

सातवा दिवस : भीमबेटका

विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली जगापुढे आणलेल्या या शैलाश्रयांकडे माणसे चित्रांसाठी येतात. आम्ही सभागृह गुहेचे छत पाहायला आलो होतो. इथला वालुकाश्म विंध्याच्या सर्वांत वरच्या भांडेर संघातला आहे. २०२० च्या मार्चमध्ये इथे आलेल्या भूवैज्ञानिकांना छतावर, डोक्याच्या कितीतरी वर, पानाच्या शिरांसारखा एक लांबट आकार दिसला. २०२१ साली ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी तो डिकिन्सोनिया असल्याचे प्रसिद्ध केले. डिकिन्सोनिया हा एडियाकरा काळातील चपटा, खंडित शरीराचा जीव. ऑस्ट्रेलियातील एडियाकरा टेकड्यांत तो सापडला, आणि रशियातील श्वेत समुद्राकाठच्या ज्या थरांत असे जीव मिळतात तिथल्या राखेतील झिरकॉनचे वय ५५.५३ कोटी वर्षे आहे. भीमबेटक्याचा आकार तोच असेल तर भांडेरचा वालुकाश्मही ५५ कोटी वर्षांचा ठरत होता. उलट त्या वालुकाश्मातील झिरकॉनच्या कणांत साधारण १०० कोटींहून तरुण कण न मिळणे, आणि भांडेर-रीवा थरांत खडक बनताना गोठून राहिलेली चुंबकीय दिशा मझगवाँच्या नळीशी जुळणे, यांवरून हे थर १०० कोटी वर्षांच्या आसपासचे असावेत असे जोसेफ मीर्ट आणि सहकारी २००८ पासून मांडत होते.

मीर्ट यांच्या गटाने नंतर इथे येऊन तो आकार पाहिला, आणि २०२३ साली त्यांचे उत्तर प्रसिद्ध झाले : ते आग्यामोहोळाच्या पोळ्याचे अवशेष होते. तोवर त्याचा भाग छतापासून सुटू लागला होता आणि आत मधमाश्यांची षटकोनी घरटी दिसत होती. रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली. शास्त्रात अशी कबुली वाटते तितकी सोपी नसते आणि ती जाहीरपणे, लवकर दिली गेली याचा मला आदर वाटतो. मात्र त्या दोन वर्षांत विंध्याचे वय कमी झाले अशी विधाने पाठोपाठ होऊ लागली होती, याचे मला वाईट वाटते. चित्रकूटला खऱ्या जीवाश्मावरून चुकीचे वय निघाले; इथे जीवाश्मच नव्हता, तरी त्यावरून वय निघाले. दोन्ही ठिकाणी वाट तीच होती. छताला आजही मोहोळे आहेत, आणि सरांनी आम्हाला हळू बोलायला सांगितले.

तीन आठवड्यांनंतर : प्रयोगशाळा

आमच्या तीन पिशव्यांपैकी एकीवरची अक्षरे चुरहटच्या पावसात धुऊन गेली होती. वहीत तीन नोंदी होत्या, पण ही पिशवी त्यांपैकी कोणती हे उरलेल्या दोन वाचून निश्चित करता येईल, असे मी म्हणालो. सरांनी पिशवी उघडली, दगडांवरचे बाण पाहिले आणि त्यातला एक दगड बाणाविना निघाला. तो कुठून आला हे आम्हा चौघांपैकी कोणालाच सांगता येईना. ती पिशवी बाजूला ठेवली गेली.

उरलेला दगड जबड्यासारख्या यंत्रात फोडला, दळला, चाळला, हलत्या पाटावर पाण्याने धुतला. मग जड द्रवात टाकला, ज्यात क्वार्ट्‌झ तरंगतो आणि झिरकॉन बुडतो. मग चुंबकाच्या कडेने सरकवला. कित्येक किलो खडकातून शेवटी चिमूटभर पिवळसर-पांढरी पूड उरली. दोन विद्यार्थी आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाखाली अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या त्या पुडीतून सुईच्या टोकाने एकेक कण बाजूला काढत होते. गोलाई आलेले कण जुन्या डोंगरातून वाहत आलेले असण्याची शक्यता असल्याने ते एका बाजूला. लांब, सुईसारखे, टोके शाबूत असलेले दुसऱ्या बाजूला, कारण राखेबरोबर आलेले झिरकॉन बहुधा असेच दिसतात.

मला एक कण दाखवला गेला. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, रंग जवळजवळ नाही, दोन्ही टोकांना निमुळते सूच्याकार, आणि मध्यभागी लांबीच्या दिशेने गेलेली एक पातळ नळी, ज्यात शिलारसाचा थेंब अडकून काच झाला होता. एका बाजूला मात्र तो किंचित धूसर होता. युरेनियमच्या किरणोत्साराने तिथली जाळी मोडली असणार आणि शिसे गळाले असेल तर तिथूनच. म्हणून आता हे कण ९०० अंश सेल्सिअसला काही दिवस तापवायचे, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवायचे; मोडलेला भाग विरघळून जातो आणि शाबूत गाभा मोजमापासाठी उरतो.

दोन पिशव्यांतून तसे सदतीस कण मिळाले. ते क्वार्ट्‌झच्या छोट्या कुप्यांत घातले, कुप्यांवर क्रमांक हिऱ्याच्या टोकाने कोरले, आणि भट्टीचे दार सरांनी स्वतः लावले.